दारूबंदीचे मोर्चे झाले, आता बाजाराच्या दिवशी एक खोली द्या

विदर्भात दारूचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी दारूबंदीवर जाऊन थांबते, मग चर्चा पानठेल्यावरची असो की विधानसभेतली. बंदी पाहिजे, बंदी नको, बंदी फसली, बंदी चालू द्या. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये सरकारनं उठवली, यवतमाळात बायांनी बंदीसाठी किती मोर्चे काढले त्याचा हिशोब नाही, चिमूरच्या बाया तर पायी नागपूरला गेल्या होत्या. मी बंदीच्या विरोधात नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर अर्धे लोक इथंच वाचणं सोडतील आणि उरलेले मला ठेकेदाराचा माणूस म्हणतील. पण इतक्या वर्षांच्या भांडणात एक साधा प्रश्न कोणी ग्रामसभेत मांडलेला मी तरी ऐकला नाही. ज्याला सोडायची आहे त्यानं या आठवड्यात जायचं कुठं?

बंदी दुकानाची होते. पिणाऱ्याच्या अंगातली दारू काही कलेक्टरच्या आदेशानं उतरत नाही. वर्धेतला माणूस पूल ओलांडून नदीपलीकडे जातो, गडचिरोलीतला वैनगंगेचा पूल ओलांडतो, ज्याला पूल लांब पडतो त्याला गावातच मोहाची मिळते. बंदीनं दारू महाग होते, लांब जाते, नवीन पोरं लागायचं थोडं कमी होतं, हे फायदे मी मानतो. पण जो आधीच अडकलाय त्याच्यासाठी दुकान बंद होणं म्हणजे फक्त पायपीट वाढणं. उलट बंदीच्या जिल्ह्यात तो आजारी तर असतोच, वरून गुन्हेगार पण होतो, त्यामुळे दवाखान्यात खरं बोलायला घाबरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गावात आठवडी बाजार भरतो त्या प्रत्येक गावात, बाजाराच्याच दिवशी, दारू सोडणाऱ्यांची एक मिटिंग बसली पाहिजे आणि ग्रामपंचायतीनं त्यासाठी एक खोली द्यायला पाहिजे. पैसा नको, योजना नको, उद्घाटन तर अजिबातच नको. खोली आणि किल्ली. हे वाचून काही जण हसतील की एवढ्यानं काय होते बाप्पा. त्यांच्यासाठीच पुढचं लिहितो.

मिटिंग म्हणजे नेमकं काय ते आधी सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे नागपूर-अमरावतीकडच्या लोकांना थोडंफार माहीत असतं, खेड्यात नावही पोचलेलं नसतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, सगळे एए म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या शहरात एक शेअर बाजारवाला आणि एक डॉक्टर, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यामुळे एकाची काही महिन्यांपूर्वी सुटलेली दारू सुटलेलीच राहिली आणि दुसऱ्याची सुटली, तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा असली की झाला मेंबर, एवढी एकच अट. माणसं गोल करून बसतात, एक जण आपलं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, आपली हकिगत सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, तू असं करायला पाहिजे होतं वगैरे चालत नाही. तुम्हीच सांगा, आपल्या गावात दुसरी कुठली अशी जागा आहे जिथं माणूस दहा मिनिटं सलग बोलतो आणि कोणी मध्ये टोकत नाही?

काही मिटिंग ओपन असतात, तिथं घरच्यांना, डॉक्टरला, माझ्यासारख्या बाहेरच्याला बसता येतं. माझ्या जवळच्या एका माणसासोबत मी तालुक्याच्या गावी अशा मिटिंगला गेलेलो आहे. तिथं कोण होतं, काय बोललं ते लिहिणार नाही, तो तिथला नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. खोलीबद्दल मात्र लिहू शकतो. प्राथमिक शाळेची खोली होती, भिंतीवर बाराखडी आणि फळांची चित्रं, सिताफळाला नाक-डोळे काढलेले, त्याच्या शेजारी खिळ्याला एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारू सोडायच्या बारा टप्प्यांचा, कापडी फलक टांगलेला. बेंच पहिली-दुसरीच्या पोरांचे, त्यामुळे मोठमोठे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. एका स्टीलच्या केटलीत चहा होता, चहा जरा जास्तच गोड, मागून कळलं की दारू सोडलेल्या माणसाला गोड खावंसं वाटतं म्हणून तिथला चहावाला साखर वाढवूनच देतो. शेवटी एक डबा फिरला, कोणी दहा टाकले, कोणी वीस, कोणी नुसता पुढं सरकवला. मी पन्नासची नोट काढली तर बाजूच्यानं हात धरला, म्हणे भाऊ तुम्ही बाहेरचे, तुमचे चालत नाही.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एएच्या बारा परंपरा आहेत, त्यातली सातवी म्हणते की बाहेरून देणगी घ्यायची नाही, आपला खर्च आपणच भागवायचा. म्हणजे आमदार निधी नको, सीएसआर नको, ट्रस्ट नको. आता आपल्याकडे ज्या कामात पैसा येत नाही त्या कामात कोणी पडत नाही, हा एक भाग झाला, पण ज्या कामात पैसा येतो त्याचं शेवटी काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. शेततळ्याचा, शौचालयाचा, व्यायामशाळेचा बोर्ड राहतो आणि वस्तू गायब होते. मिटिंगमध्ये खायला काही नाही म्हणून खाणारे येत नाहीत. खोलीही ते लोक फुकट घेत नाहीत, भाड्याचे महिन्याला शंभर रुपये का असेना पण देतात, आणि ग्रामपंचायतीनं ते घ्यावेत, पावती फाडावी, उपकार करू नये.

आता बाजाराचा दिवसच का.

माझं कृषी केंद्र बाजाराच्या गावात आहे, रस्त्याला लागून, त्यामुळे बाजाराचा दिवस मला काउंटरवरून पूर्ण दिसतो. आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांतून माणसं येतात, काळीपिवळीत, ऑटोत, मोटरसायकलवर तिघं-तिघं. आठवड्याच्या मजुरीचा हिशोब त्याच दिवशी होतो, त्यामुळे खिशात नगदी असते. दुपारी दोनपर्यंत बाया भाजी, तेल, मिरची घेतात, आणि दोनपासून पुढं बाप्ये एकेक करून गळायला लागतात. संध्याकाळी बाया ऑटोत पिशव्या घेऊन बसलेल्या असतात आणि ऑटोवाला हॉर्न वाजवत असतो, कोणाचा तरी नवरा अजून यायचा असतो. हे दर आठवड्याला. मजुरीतले किती पैसे त्या दोन ते सहामध्ये जातात हे मोजायला कोणत्या समितीची गरज नाही, उधारीची वही माझ्याकडे आहे.

म्हणजे ज्या दिवशी, ज्या वेळी, ज्या गावात दारू माणसाला ओढते, त्याच दिवशी त्याच वेळी त्याच गावात मिटिंग पाहिजे. मंगळवारी रात्री आठ वाजता जिल्ह्याच्या ठिकाणी मिटिंग आहे हे सांगून काही उपयोग नाही, शेवटची एसटी सहाला निघून जाते. शहरात एए चालतं कारण रोज कुठं ना कुठं मिटिंग असते, एक चुकली तर दुसरी, सिटी बसनं जाता येतं. आपल्याकडे मजुराला जिल्ह्याला जाऊन यायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली आणि वरून तिकीट. बाजाराला तो येणारच आहे. त्याचं जाणं-येणं आधीच ठरलेलं आहे, ऑटो ठरलेला आहे, त्यातला एक तास फक्त इकडे वळवायचा आहे.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे आणि ते शहरातल्या माणसाला लवकर समजत नाही. एएमध्ये नाव गुप्त ठेवतात. शहरवाले विचारतात की खेड्यात कसलं गुप्त, सगळ्यांना सगळं माहीत असतं. बरोबर आहे, अमुक पितो हे गावाला माहीतच असतं, ते लपवायची गरजच नसते. लपवायचं असतं ते हे की तो सोडतोय. पिणाऱ्याला गाव सांभाळून घेतं, सोडणाऱ्याला सोडत नाही. ‘काऊन बे, आता महात्मा झाला का तू?’, ‘पाहू किती दिवस टिकते’, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘आजच्या दिवस घे, उद्यापासून सोड’ म्हणणारे दोस्त. पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता त्याच्यावर पैजा लागतात, लगनात मुद्दाम त्याच्याच पुढं बाटली ठेवतात. म्हणून आपल्याच गावच्या समाजमंदिरात मिटिंग ठेवली तर पहिल्या दिवशी एकही माणूस येणार नाही, सरपंचानं दवंडी दिली तरी नाही, खरं तर दवंडी दिली म्हणूनच नाही. बाजाराच्या गावात मात्र हजार माणसं फिरत असतात. कोणी भेटलंच आणि विचारलं की भाऊ इकडे कसे, तर ‘काही नाही, डवऱ्याची फास पाह्यले आलतो’. विषय संपला.

सत्काराबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे कोणी काही चांगलं केलं की आपण आधी शाल-नारळ शोधतो. माझ्या माहितीतल्या एका गावात एकानं दारू सोडली, काही महिने चांगला राहिला, तर २६ जानेवारीला झेंड्याखाली त्याचा सत्कार केला, मास्तरांनी भाषणात पोरांना सांगितलं की यांचा आदर्श घ्या, फोटो ग्रुपवर फिरले. पोळ्याच्या करीला तो पुन्हा प्यायला. आता नुसता पिणारा प्यायला असता तर कोणी पाहिलंही नसतं, पण हा आदर्श प्यायला होता. दुसऱ्या दिवशी लहान पोरं त्याला रस्त्यात नमस्कार करून हसत होती. तो पुन्हा सोडायच्या भानगडीत पडलेला नाही. मिटिंगमध्ये उलटं आहे, तिथं काल घसरलेला माणूस आज येऊन बसला तर त्याला कोणी काय रे बुवा म्हणत नाही, बाकीच्यांनीही तो रस्ता पाहिलेला असतो. आणि तिथं जन्मभराची शपथ घेत नाहीत, आजच्या दिवसाची घेतात. आज प्यायची नाही. उद्याचं उद्या.

इथं माळकरी मंडळी म्हणतील की आमच्याकडे माळ आहे की, माळ घातली की सुटते. सुटते, मी पाहिलेलं आहे, माळेनं घरं उभी राहिलेली आहेत. पण नीट पाहिलं तर माळेसोबत काय काय येतं? एकादशी येते, भजन येतं, दिंडी येते, रोज संध्याकाळी बसायला चार माणसं येतात. काम ती माणसं करतात. आणि ज्यानं देवाची शपथ मोडली, माळ काढून ठेवली, तो दारूपेक्षा त्या शरमेनंच जास्त पितो, भजनाच्या ओट्याकडे फिरकत नाही. त्याच्यासाठी दुसरं दार लागतं. माळ की मिटिंग असा सवालच नाही, ज्याला जे लागू पडेल ते, आणि दोन्ही चालत असेल तर दोन्ही.

शिवाय गोल करून बसणं, आपण केलेलं आपल्या तोंडानं कबूल करणं हे अमेरिकेतून आलेलं काही परकं खूळ आहे असंही कोणी म्हणू नये. अमरावती जिल्हा तर याचं माहेर आहे. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर वदवायचे, आणि दारूवर ते किती कडक बोलायचे ते आजही बुढे लोक सांगतात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आपल्याकडे कितीतरी गावांत अजून होते, सगळ्या जातीची माणसं एका रांगेत बसतात. बसायची सवय विदर्भाला आहे. फक्त त्या बसण्यात पिणाऱ्याला तोंड उघडायला जागा नाही, त्याच्याबद्दल बोललं जातं, तो बोलत नाही.

आणि बायांकडे पाहा. गावोगाव बचत गट आहेत, ठरलेल्या दिवशी बैठक होते, रजिस्टर असतं, कोणाच्या घरी काय चाललंय ते तिथं निघतं, रडून होतं, हसून होतं. बाप्यांना असं काय आहे? पानठेला आणि भट्टी. बाप्यानं आपलं दुःख सांगायची आपल्याकडे एकच मान्य पद्धत आहे, ती म्हणजे पिऊन सांगणं. शुद्धीत सांगितलं तर लोकांना अवघड होतं. कपाशीला बोंडअळी लागली, सोयाबीन पावसात सडलं, बँकेची नोटीस आली, पोरीचं जमेना, हे सगळं तो दोन क्वार्टर पोटात गेल्यावरच बोलतो आणि सकाळी त्याला आठवतही नाही की बोललो होतो. शेतकरी आत्महत्यांच्या आपल्या जिल्ह्यांत तर हे आणखीच विचित्र आहे, आत्महत्या कर्जामुळे नाही, दारूमुळे झाली असं कागदावर आलं की प्रकरण अपात्र, एक लाखाची मदत गेली, त्यामुळे मेल्यावरसुद्धा घरच्यांना त्याची दारू लपवावी लागते. जणू कर्ज आणि दारू एकाच माणसाच्या घरात राहूच शकत नाहीत.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि ही मिटिंगपेक्षा आधीची आहे. जो रोज सकाळपासून पितो, ज्याचे न पिता हात थरथरतात, त्यानं एकदम घरच्या घरी बंद करू नये. ‘एकदम सोडली म्हणून मेला’ असं गावात म्हणतात ते थोतांड नाही. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत माणूस बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाही. आपल्याकडे लोक म्हणतात बाहेरचं लागलं आणि उतरवायला नेतात, तिकडे रात्र जाते आणि कधी माणूसही जातो. हा दवाखान्याचा मामला आहे, यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घरी पाठवणंही बरोबर नाही, अशा माणसाला आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. आणि पेपरमध्ये, बसस्टँडच्या मुतारीत जाहिराती असतात ना, ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’, त्याच्या नादी लागू नका. डायसल्फिराम नावाचं एक औषध आहे, ते डॉक्टरच्या देखरेखीत आणि घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊनच घ्यायचं असतं, न सांगता भाजीत कालवलं आणि त्यानं वरून दारू घेतली तर बीपी पडून जीव जाऊ शकतो. बायको बिचारी संसार वाचवायला पुडी आणते.

मिटिंग दवाखाना नाही, दवाखाना मिटिंग नाही. दवाखाना दारू शरीरातून काढतो, ते आठ-दहा दिवसांचं काम. पुढची वर्षं कोण सांभाळणार? खासगी नशामुक्ती केंद्रांचंही तेच. घरचे कंटाळतात, रात्री गाडी येते, चौघं त्याला उचलून नेतात, दोन-तीन महिने ठेवतात, घरच्यांनी त्यासाठी सोनं नाहीतर गोऱ्हा विकलेला असतो. माणूस चांगला गुटगुटीत होऊन परत येतो, पहिल्या संध्याकाळी त्याच चौकात जातो कारण दुसरीकडे जायला जागाच नाही, आणि महिन्याभरात जिथला तिथं. चांगली केंद्रं आहेत, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखू सोडवणाऱ्या कार्यक्रमानं तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात शिबिरं नेली, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रत्येक चांगल्या केंद्राचे लोक हेच सांगतात की घरी गेल्यावर पाठपुरावा पाहिजे. तो पाठपुरावा खेड्यात कोण करणार, तर त्याच्यासारखाच दुसरा, जो शेजारच्या गावात राहतो आणि फोन केला की म्हणतो थांब, येतो मी.

ज्यांना आकडेच पाहिजेत त्यांच्यासाठी दोन सांगतो. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्व्हेत देशात दारूवर अवलंबून असलेले सुमारे २ कोटी ९० लाख लोक निघाले, आणि अशा ३८ जणांमागे फक्त एकाला कसली तरी मदत मिळाली होती, भरती होऊन उपचार मिळाले ते १८० मागे एकाला. म्हणजे आपण दवाखाने कितीही बांधले तरी पुरणार नाहीत. दुसरं, एए नुसतं भावनेवर चालतं असं डॉक्टर लोक आधी म्हणायचे, पण २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास आणि साडेदहा हजारांवर माणसं एकत्र करून पाहिली तेव्हा दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एएकडे नीट वळवलेली माणसं इतर मानसोपचारांच्या बरोबरीनं किंवा थोडी सरसच निघाली. ते अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत, मान्य. मग इथं करा ना, विद्यापीठं आहेत, मेडिकल कॉलेजं आहेत.

एए सगळ्यांना जमतं असं मी म्हणत नाही. काहींना त्यातला देवाचा भाग पटत नाही, जरी तिथं म्हणतात की देव तुम्हाला जसा समजतो तसा. काहींना सगळ्यांसमोर बोलणं जमत नाही. बायांचं तर वेगळंच आहे, मोहाची पिणाऱ्या, वीटभट्टीवर कामाला जाऊन सवय लागलेल्या बाया आहेत, त्या बाप्यांच्या गोलात येऊन बसतील ही आशा ठेवणं चूक, त्यांची वेगळी बैठक लागेल आणि ती बहुतेक बचत गटातल्याच कोणीतरी धीराच्या बाईला सुरू करावी लागेल. पिणाऱ्याच्या बायकोसाठी, आईसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळी मिटिंग असते, तीही आपल्याकडे खेड्यात नाही. कोविडपासून ऑनलाईन मिटिंग निघाल्या, ज्यांचं घर मोठं आणि रेंज चांगली त्यांच्यासाठी ठीक आहे, पण एका खोलीत पाच माणसं आणि एकच मोबाईल, तोही पोराच्या हातात, अशा घरात कानात हेडफोन घालून ‘मी अल्कोहोलिक आहे’ कसं म्हणणार?

अडचण अशी की एए स्वतःची जाहिरात करत नाही, तोही त्यांचा नियमच आहे. आणि आपल्याकडे सांगितल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून सांगायचं काम बाकीच्यांचं. आज कोणाला शोधायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, दोन्ही फुकट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं जवळची मिटिंग विचारायची, एएचं भारतातलं ऑफिस मुंबईला आहे, तेही जवळचा ग्रुप सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजार धरलेले आहेत, म्हणजे सरकारी दवाखान्यात उपचार मागणं हा हक्क आहे, हात जोडायची गरज नाही. आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर मलेरिया, नसबंदी, सर्पदंश सगळं रंगवलेलं असतं, त्याच भिंतीवर एक ओळ लिहायला कितीसा रंग लागतो: दारू सोडायची आहे? बाजाराच्या दिवशी, दुपारी ३, शाळेची खोली. नाव नाही, नंबर नाही. आशाताईला, पोलीस पाटलाला, ऑटोवाल्यांना माहीत असलं की झालं. ऑटोवाल्यांना तर नक्कीच, कारण कोण कुठं पडलेला असतो हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

सुरुवात कोण करणार हा प्रश्न राहतो. बाहेरच्यानं करून चालत नाही, मी तर पितच नाही, मी खोली उघडून देऊ शकतो, मिटिंग चालवू शकत नाही. पण मिटिंगला दोन माणसं पुरतात. जिल्ह्याच्या ग्रुपमधले जुने लोक सुरुवातीला येऊन बसतात, बोलावलं की येतात, कारण दुसऱ्याला मदत करणं हाच त्यांचा स्वतःचा इलाज आहे, तसं त्यांच्या बाराव्या पायरीतच आहे. आणि सुरुवातीला काही आठवडे कोणीच आलं नाही तरी खोली काढून घ्यायची नाही. सरपंच म्हणेल की कोणी येत नाही तर कायले ठेवायची, तिथं युवक मंडळाचा कॅरम ठेवू. हेच होऊ द्यायचं नाही, कारण जो येणार आहे तो आधी तीन-चार बाजार नुसता खोलीपुढून जाऊन पाहणार आहे की दार खरंच उघडं असतं का.

तर ग्रामसभेत ठराव टाकायचा असेल तर एवढाच टाका: आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ३ ते ५ शाळेची रस्त्याकडून न दिसणारी खोली दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगसाठी एक वर्ष राखीव, शाळेला ज्या दिवशी सुट्टी नसेल त्या दिवशी ग्रामपंचायतीचा मागचा हॉल, भाडं महिना शंभर रुपये, किल्ली शिपायाकडे. मिटिंगच्या वेळात सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, पत्रकार यांनी तिकडे फिरकू नये. आणि कोण आलं होतं हे शिपायाला विचारू नये, हे वाक्य ठरावात वेगळं लिहून घ्या, कारण आपल्या गावात ते विचारलं जाणारच आहे.